पीसीचं रेडिऑन ९८०० प्रो ग्राफिक्स कार्ड जुन्या पॉवर मॅक जी४ मध्ये बसवायचंय, बटण दाबलं तरी मशीन चालूच होत नाही

जी४वेडा:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही म्हणून सांगतो. माझ्याकडे पॉवर मॅक जी४ आहे, क्विकसिल्व्हर, २००१ चा, ८६७ मेगाहर्ट्झ, रॅम दीड जीबी म्हणजे जेवढी बसते तेवढी सगळी, वर टायगर (मॅक ओएस एक्स १०.४) टाकलंय. कार्ड मूळचंच, जीफोर्स २ एमएक्स, ३२ एमबी. मशीन ठणठणीत आहे, रोज चालू असतं, पण या कार्डवर कोअर इमेज (चित्रांवरचे परिणाम ग्राफिक्स कार्डाकडून करून घेणारा टायगरचा भाग) चालत नाही, त्यामुळे टायगरमधल्या बऱ्याच गोष्टी एक तर दिसतच नाहीत नाहीतर सगळा भार प्रोसेसरवर येतो. डॅशबोर्डवर विजेट टाकलं की पाण्यात खडा पडल्यासारखी लहर उठते ना, ती मी माझ्या मशीनवर आजपर्यंत बघितलेली नाही.

आता झालंय असं की एका जुन्या पीसीतून एटीआयचं रेडिऑन ९८०० प्रो मिळालं, १२८ एमबी, एजीपी ८एक्स (एजीपी म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा जुना स्लॉट, ८एक्स हा त्याचा वेग). पीसीत लावून बघितलं, व्यवस्थित चालतं, पंखाही शांत आहे. मला वाटलं स्लॉट तोच, एजीपी ४एक्स, खाचही जुळतेय, लावून तर बघू. लावलं, चार पिनांची पॉवरची वायर जोडली, बटण दाबलं, तर काहीच नाही. मॅक चालू होताना वाजते ती घंटा नाही, पंखा नाही. कार्ड काढून जुनं लावलं की मशीन पुन्हा पहिल्यासारखं चालू.

वाचून एवढं कळलंय की पीसीच्या कार्डची रॉम (कार्डावरच्या चिपमधला प्रोग्राम) बदलावी लागते. पण ती बदलली नाही म्हणून मशीन चालूच होणार नाही असं कसं? निदान पंखा तरी फिरायला हवा ना? का माझं कार्ड एवढ्यातच गेलं? आणि रॉम बदलायचीच असेल तर सुरुवात कुठून करू? मॅकसाठी काढलेलं मॅक एडिशनचं तयार कार्ड घे असं कृपया सांगू नका, शोधून दमलोय, आणि हे हाताशी असलेलं चांगलं कार्ड नुसतं पडून राहावं हे मनाला पटत नाही.

फोर्थवाला:

कार्ड गेलेलं नाही, काळजी करू नका. तुमचे दोन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत आणि दोन्ही एकत्र आलेत म्हणून गोंधळ होतोय. पहिला वायरिंगचा, त्यामुळे मशीन चालू होत नाही. दुसरा रॉमचा, त्यामुळे मशीन चालू झालं तरी चित्र येणार नाही. पिनांचं कुणीतरी सांगेलच, मी रॉमचं सांगतो कारण ते एकदा नीट समजलं की पुढे चुका कमी होतात.

पीसी चालू झाला की बायोस (पीसीला सुरू करणारा प्रोग्राम) कार्डवरच्या रॉममधला एक छोटा प्रोग्राम चालवतो, तो प्रोग्राम कार्डाला जागं करतो आणि मग स्क्रीनवर अक्षरं दिसतात. हा प्रोग्राम एक्स८६ प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेला असतो. तुमच्या जी४ मध्ये पॉवरपीसी प्रोसेसर आहे आणि बायोसच्या जागी ओपन फर्मवेअर आहे. ओपन फर्मवेअर हे काही ॲपलचं एकट्याचं नाही, ते आयईईई १२७५ नावाचं १९९४ चं स्टँडर्ड आहे, सनच्या स्पार्क मशीनमध्येही तेच होतं. ते कार्डाकडून एफकोड मागतं. एफकोड म्हणजे फोर्थ या भाषेचं आकड्यांमध्ये बसवलेलं रूप, ते कुठल्याच एका प्रोसेसरचं नसतं, ओपन फर्मवेअर ते वाचत वाचत चालवतं. तुमच्या कार्डाकडे एफकोडच नाही, म्हणजे मॅकने हाक मारली तरी त्याला ओ देता येत नाही.

बाकी आतली चिप तीच, आर३५०. मेमरी तीच. मॅक एडिशन २००३ मध्ये आलं तेही याच चिपवर. ड्रायव्हर टायगरमध्ये आधीपासून आहे. म्हणजे फरक आहे तो फक्त त्या छोट्या रॉममधल्या मजकुराचा.

हवं तर स्वतः बघा. पीसीवर कार्डची रॉम फाइलमध्ये उतरवून घ्या आणि हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणारा प्रोग्राम) उघडा. पहिले दोन बाइट ५५ एए दिसतील. थोडं पुढे पीसीआयआर ही चार अक्षरं सापडतील, त्यांच्या लगेच मागून व्हेंडर आणि डिव्हाइस आयडी असतो, एटीआयचा १००२ आणि तुमच्या कार्डचा ४ई४८ (बाइट उलटे लिहिलेले असतात, म्हणजे ०२ १० ४८ ४ई असं दिसेल). आणि पीसीआयआरच्या पहिल्या अक्षरापासून वीस बाइट पुढे एक बाइट आहे तो सांगतो की आतला कोड कुठल्या प्रकारचा. ० म्हणजे पीसीचा बायोस, १ म्हणजे ओपन फर्मवेअर. तुमच्याकडे ० असणार. मॅकच्या रॉममध्ये तिथे १ असतो. अख्खी भानगड त्या एका बाइटावर दिसते, मला तर पहिल्यांदा ते बघून फार बरं वाटलं होतं कारण तोपर्यंत सगळं जादूटोण्यासारखं वाटायचं.

आणि ही उतरवून घेतलेली फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. बाकी काही करायच्या आधी हे करा.

पिन११:

पिनांचं मी सांगतो, हेच काम मी तीन मशीनवर केलंय.

तुमच्या क्विकसिल्व्हरला एडीसी आहे, म्हणजे ॲपलचा तो मॉनिटरचा कनेक्टर ज्यात चित्र, यूएसबी आणि मॉनिटरची पॉवर सगळं एकाच केबलमधून जायचं. त्या भानगडीसाठी ॲपलने एजीपी स्लॉटमधले काही मोकळे पिन स्वतःच्या कामाला लावले. त्यातले दोन म्हणजे ए बाजूचा ३ नंबर आणि ११ नंबर. त्या काळच्या एजीपीत हे दोन्ही राखीव होते, कुणी वापरत नव्हतं, म्हणून ॲपलचं तेव्हा काही चुकलं नाही. पुढे एजीपी ८एक्स आलं आणि नेमके हेच दोन पिन ८एक्स ओळखायला घेतले. ८एक्सचं कार्ड पिन ३ ग्राउंडला ओढून धरतं, बोर्डाला सांगायला की मी ८एक्स आहे. पीसीत ते बरोबर आहे. तुमच्या मॅकमध्ये ती तार भलत्याच कामाची असल्यामुळे मशीन चालू व्हायला तयार होत नाही. कार्डही ठीक, मशीनही ठीक.

उपाय, ते दोन पिन स्लॉटला लागू द्यायचे नाहीत. बस.

पण मोजताना लोक हमखास चुकतात म्हणून सावकाश वाचा. मोजायला सुरुवात ब्रॅकेटच्या बाजूने, म्हणजे जिथे मॉनिटरची केबल लागते त्या टोकापासून. एजीपीची सोनेरी बोटं दोन थरांत असतात, एकाआड एक, एक बोट थोडं खाली आणि शेजारचं थोडं वर. फक्त एकच थर मोजलात तर नंबर दुपटीने चुकतो. दोन्ही थर धरून १, २, ३ असं मोजायचं.

बाजू कुठली हे डोळ्यांनी ठरवू नका, मल्टिमीटर घ्या, कंटिन्युइटीवर बीप ठेवा. बी बाजूला २ आणि ३ नंबर दोन्ही पाच व्होल्टचे असतात, कार्डावर ते एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून त्या दोघांवर टोकं ठेवली की बीप वाजतो. वाजला तर ती बहुधा बी बाजू, कार्ड पलटा. आता ए बाजूला ३ नंबरवर एक टोक आणि दुसरं टोक ब्रॅकेटच्या धातूवर. बीप वाजला पाहिजे, कारण तोच तो ग्राउंडला ओढलेला पिन. दोन्ही जुळलं म्हणजे मोजणी बरोबर.

मग पातळ कॅप्टॉन टेपची (वीज जाऊ न देणारी टेप) अगदी बारीक पट्टी, जेमतेम एका बोटाएवढी, १ मिमीच्या आसपास, ३ वर आणि ११ वर. शेजारच्या बोटावर जाऊ द्यायची नाही, कारण ४ नंबर यूएसबीचा आहे तो सोडला तरी १० आणि १२ हे कामाचे पिन आहेत. पट्टीचं खालचं टोक कार्डाच्या कडेपर्यंतच, दुमडून दुसऱ्या बाजूला नेऊ नका, नाहीतर तिकडचे पाच व्होल्टचे पिनही झाकले जातील. कार्ड सरळ खाली दाबून बसवायचं, एका टोकाकडून तिरकं घातलं की टेप गोळा होऊन वर सरकते, हे मी पहिल्या वेळी केलंय आणि अर्धा दिवस कार्डालाच दोष देत बसलोय.

काहीजण त्या पिनांची ट्रेस ब्लेडने कापतात. कायमचं काम होतं खरं, पण मला ते करवत नाही. टेप काढली की कार्ड पुन्हा पीसीत ८एक्सवर चालतं, आणि टेपसकट पीसीत लावलं तर बोर्ड त्याला ४एक्स समजतो, बिघडत काही नाही.

धातूचा_धूर:

पिन११ दादांनी पिनांचं इतकं नीट सांगितलंय की त्यात भर घालण्यासारखं काही नाही. मी रॉमच्या चिपबद्दल सांगते कारण पुढची ठेच तिथे लागते.

मॅक एडिशनची रॉम १२८ केबीची आहे. पीसीच्या ९८०० प्रो वर बहुतेक वेळा ६४ केबीची चिप असते, पीसीच्या बायोसला तेवढी पुरते. तुमच्या कार्डावर आठ पायांची एक छोटी चिप शोधा, भिंगाखाली नंबर वाचा. २५पी०५ किंवा २५एफ५१२ असेल तर ती ६४ केबीची. २५पी१० किंवा २५एफ१०२४ असेल तर १२८ ची, मग तुमचं नशीब चांगलं, काही बदलायला नको. हे आकडे किलोबिट मेगाबिटमध्ये असतात म्हणून फसायला होतं, ५१२ किलोबिट म्हणजे ६४ किलोबाइट.

६४ ची असेल तर दोन रस्ते. एक, लोकांनी मॅकची रॉम काटछाट करून ६४ केबीत बसवलेली आहे ती टाकायची. दोन, चिपच बदलून १२८ ची लावायची आणि पूर्ण रॉम टाकायची. मी दुसरा रस्ता घेतला होता. आठ पायांचं सोल्डरिंग आहे, पायांमधलं अंतर १.२७ मिमी, हात स्थिर असेल तर जमतं. चिप मूळच्याच कुटुंबातली घ्या, एसटीची असेल तर एसटीचीच मोठी बहीण, कारण कुठली रॉम लावलीय हे कार्डाला सांगायला बोर्डावर बारीक रेझिस्टर लावलेले असतात.

आणखी एक, तुमचं कार्ड खरंच प्रो आहे ना ते तपासा. साधं ९८०० असेल तर त्याचा कोअर ३२५ मेगाहर्ट्झ आणि मेमरी २९० वर चालते, प्रो चा ३८० आणि ३४०. प्रो ची रॉम साध्या कार्डावर टाकली की कार्ड त्या वेगाने पळायला जातं आणि मग स्क्रीनवर ठिपके, रेघा, चौकोन सुरू होतात, आणि माणूस म्हणतो फ्लॅशिंग (रॉम लिहिणं) फसलं. आयडी ४ई४८ आला तर निर्धास्त राहा.

जी४वेडा:

तिघांचेही मनापासून आभार. एवढं समजावून कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

पिनांचं काम झालं! अगदी तसंच केलं, आधी बी बाजूला बीप, मग पलटून ३ नंबरवर बीप. पहिल्यांदा मोजताना मी खरंच एकच थर मोजत होतो, बीप वाजला नाही म्हणून कळलं. टेप लावून कार्ड बसवलं, बटण दाबलं आणि घंटा वाजली. स्क्रीन काळी, पण घंटा वाजली, पंखे फिरले. दोन दिवसांनी तो आवाज या कार्डासकट ऐकला, खूप आनंद झाला.

मग माझ्याकडे एक पीसीआयचं मॅकवालं रेडिऑन ७००० आहे ते सोबत लावलं, मॉनिटर त्याला जोडला. चालू करताना कमांड ऑप्शन ओ एफ दाबून धरलं आणि ओपन फर्मवेअरमध्ये डेव्ह स्लॅश आणि मग एलएस टाइप केलं. मोठी यादी आली, त्यात एजीपीच्या खाली पीसीआय१००२,४ई४८ असं लिहिलेलं दिसलं. म्हणजे कार्ड तिथे आहे, मॅकला दिसतंय, फक्त नावाच्या जागी नुसते आकडे आहेत. फोर्थवाला म्हणाले ते तेव्हा नीट समजलं.

पण त्यानंतर माझी चूक झाली. पीसीवर एटीआयफ्लॅशने (कार्डची रॉम वाचायचं-लिहायचं टूल) आधी मूळ रॉम उतरवून घेतली (डॅश एस, शून्य, फाइलचं नाव), पीसीत आणि पेनड्राइव्हवर दोन्हीकडे ठेवली. चिपवर २५पी०५ लिहिलंय हेही वाचलं. तरी घाईत १२८ केबीची पूर्ण फाइल टाकायला गेलो, टूल नको म्हणत होतं तर डॅश एफ लावून जबरदस्ती केली. शेवटी व्हेरिफाय एरर आला. आता कार्ड मॅकमध्येही काळं आणि पीसीतही काळं. पीसी चालू होतो पण या कार्डावर काहीच दिसत नाही. परत येईल का हे?

फोर्थवाला:

येणार. मूळ फाइल तुमच्याकडे आहे म्हणजे काही गमावलेलं नाही.

काय झालं ते आधी सांगतो. ६४ केबीच्या चिपला त्याच्या वरचे पत्ते कळतच नाहीत. टूल म्हणालं ६५ व्या केबीत हे लिही, चिपला वाटलं पहिल्या केबीत लिही. म्हणजे फाइलचा दुसरा अर्धा भाग पहिल्या अर्ध्यावरच जाऊन बसला. आणि फ्लॅश चिपमध्ये न पुसता लिहिलं तर १ चा ० होतो पण ० चा १ होत नाही, त्यामुळे आता तिथे दोन्ही भागांचा काला झालाय. ना मॅकची रॉम ना पीसीची. हार्डवेअरला धक्का नाही.

पीसीमध्ये एखादं साधं पीसीआयचं डिस्प्ले कार्ड लावा, बायोसमध्ये पहिला डिस्प्ले पीसीआय करा, हे कार्ड एजीपीत राहू दे. पीसी त्या दुसऱ्या कार्डावर चालू होईल. डॉसमध्ये जाऊन एटीआयफ्लॅश डॅश आय दिलं की लावलेली कार्डं नंबरासकट दिसतील. रॉममधला मजकूर बिघडला तरी चिपशी बोलायला तो लागत नाही, म्हणून कार्ड यादीत येतं. मग डॅश पी, कार्डचा नंबर आणि मूळ फाइल. नंबर नीट बघा, आता दोन कार्डं असतील, चुकून दुसऱ्यावर नको.

आणि हे असंच पुढेही लक्षात ठेवा, मॅकची रॉम बरोबर बसली तरी हे कार्ड पीसीत काळंच दिसणार. ते बिघडल्याचं लक्षण नाही.

रात्रपाळी:

मध्येच घुसतोय, माफ करा. माझा प्रश्न जवळचाच आहे. माझ्याकडे मॅक नाही, जुना पीसी आहे, इंटेल ४४०बीएक्सचा बोर्ड, त्यात एजीपी २एक्स. एक नंतरचं कार्ड मिळालंय पण त्याची खाच स्लॉटमध्ये बसत नाही, स्लॉटमधला अडसर दुसऱ्या जागी आहे. कानशीने कार्डाला अजून एक खाच पाडली तर चालेल का?

पिन११:

नाही, अजिबात नाही. ती खाच नुसती आकारासाठी नाही, व्होल्टेजसाठी आहे. तुमच्या ४४०बीएक्सच्या स्लॉटमध्ये सिग्नल ३.३ व्होल्टचे आहेत, अडसर ब्रॅकेटच्या जवळ, पिन २२ ते २५ च्या जागी. नंतरची ४एक्सची कार्डं १.५ व्होल्टवर चालतात, ८एक्सला सिग्नल ०.८ व्होल्टचे, त्यांचा अडसर लांब, ४२ ते ४५ च्या जागी. ज्या कार्डाला दोन्ही खाचा आहेत ते दोन्ही व्होल्टेज सोसतं. एकच लांबची खाच असेल तर ३.३ व्होल्ट त्या चिपच्या कामाचे नाहीत, कानस मारून बसवलंत तर कार्ड जाईल आणि कदाचित बोर्डही घेऊन जाईल. दोन खाचांचं कार्ड शोधा, जीफोर्स ६२०० ची बरीच एजीपी कार्डं तशी असतात. वर ९८०० चालतंय ते क्विकसिल्व्हर मुळातच ४एक्स आहे म्हणून.

टेप लावणं आणि खाच पाडणं हे दोन्ही ‘मॉड’ म्हणून एकाच माळेत ओवतात लोक, पण टेपमुळे एक नको असलेली तार तुटते आणि खाचेमुळे नको असलेलं व्होल्टेज आत येतं. वेगळा प्रश्न टाका, बोर्डाचं मॉडेल लिहा, सविस्तर बोलू.

धातूचा_धूर:

जी४वेडा, मूळ रॉम परत आली का? आली असेल तर आता चिप बदलायचाच विचार करा असं मी म्हणेन, तुमचं कार्ड चांगलं आहे. पद्धत सांगते.

नवी २५पी१० आधी प्रोग्रॅमरवर (चिपमध्ये फाइल भरणारं छोटं यंत्र) भरून घ्या आणि व्हेरिफाय करा, मगच कार्डावर लावा. कार्डावर लावून मग फ्लॅश करायचं म्हटलं तर काही चुकलं की सोल्डरिंग चुकलं का फाइल चुकली हे कळत नाही. सीएच३४१ए वाला स्वस्तातला प्रोग्रॅमर चालतो, फक्त त्याच्या बऱ्याच बोर्डांवर चिपला पॉवर ३.३ व्होल्ट मिळते पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, लावण्याआधी मीटरने मोजा.

जुनी चिप काढताना हॉट एअर नसेल तर दोन्ही बाजूच्या चार चार पायांवर भरपूर सोल्डर घालून एकेक लांब थेंब करा, एका बाजूला टोक, मग दुसऱ्या, आलटून पालटून, दोन्ही बाजू एकदम वितळलेल्या असतील तेव्हा चिमट्याने चिप आपोआप उचलली जाते. ओढायचं नाही. ओढलं तर खालची तांब्याची चकती उपटून येते आणि मग काम दहापट वाढतं. नंतर फ्लक्स लावून विकने जागा साफ करा. नवी चिप ठेवताना ठिपका १ नंबरच्या पायाकडे, जुनीचा फोटो आधी काढून ठेवा. पहिल्यांदा एकच कोपऱ्यातला पाय टेकवा, सरळ बसलीय का बघा, मग समोरचा कोपरा, मग बाकीचे.

जी४वेडा:

आठवडाभराने लिहितोय कारण प्रोग्रॅमर आणि चिप यायला वेळ लागला.

मूळ रॉम परत आली, फोर्थवाला म्हणाले तसंच, पीसीआयचं कार्ड लावून. पीसीत चित्र आलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

चिपचं काम काल रात्री केलं. प्रोग्रॅमरवर मोजलं तर खरंच डेटाच्या पायावर पाचच्या जवळ व्होल्ट निघाले, ताई तुम्ही सांगितलं नसतं तर मी तसंच लावलं असतं. मित्राने त्यात बदल करून दिला, मग ३.३ आले. फाइल भरली, दोनदा व्हेरिफाय केली, हेक्समध्ये उघडून तो बाइट बघितला, १ होता. जुनी चिप काढताना हात थरथरत होता, पहिल्या प्रयत्नात एक बाजू थिजली, पुन्हा गरम केलं, मग एका क्षणी चिप सोल्डरवर तरंगल्यासारखी सरकली आणि चिमट्यात आली. खालच्या आठही चकत्या शाबूत. नवी लावायला त्यापेक्षा कमी वेळ लागला.

कार्ड मॅकमध्ये लावलं, टेप पुन्हा तपासली, ७००० काढून टाकलं, मॉनिटर थेट ९८०० ला. बटण दाबलं, घंटा, आणि स्क्रीन काळीच. पाच दहा सेकंद मी नुसता बघत राहिलो. मग आठवलं की मॉनिटर व्हीजीएवर लावलाय, डीव्हीआयवर लावून बघावं म्हणून केबल बदलली आणि कमांड ऑप्शन पी आर दाबून (म्हणजे पीरॅम, मॅकने जपून ठेवलेल्या सेटिंग्ज, पुसून) दोन घंटा होऊ दिल्या. तिसऱ्यांदा राखाडी स्क्रीन आली आणि मध्ये सफरचंद. नक्की केबलने झालं का पीरॅमने ते सांगता येणार नाही, दोन्ही एकदम केलं.

सिस्टिम प्रोफायलरमध्ये आता एटीआय रेडिऑन ९८०० प्रो, १२८ एमबी, क्वार्ट्झ एक्स्ट्रीम चालू, कोअर इमेज हार्डवेअरवर. ओपन फर्मवेअरमध्येही जाऊन बघितलं, जिथे नुसते आकडे होते तिथे आता एटीवाय ने सुरू होणारं नाव आहे.

मग डॅशबोर्ड उघडला, घड्याळाचं विजेट ओढून टाकलं. लहर आली. सहा सात वेळा काढून टाकलं आणि पुन्हा टाकलं.

एकच शंका उरलीय, तासभर चालवल्यावर कार्डाच्या मागच्या बाजूला हात लावला तर बरंच तापलेलं असतं. ठिपके वगैरे काही नाहीत. एवढं तापणं ठीक आहे का?

पिन११:

अभिनंदन! मोठं काम केलंत.

९८०० प्रो तापतंच, पण वीसेक वर्षं जुनं कार्ड आहे, हीटसिंकखालची पेस्ट नक्की वाळून खडू झालेली असेल. काढा, जुनी खरवडून स्पिरिटने पुसा, नवी लावा. हीटसिंक काढताना आधी मशीन अर्धा तास चालवून गरम करा आणि बंद करून लगेच हलकं पिळून सोडवा, थंड असताना उपटू नका. चिपच्या कडेने धातूची चौकट आहे ती कधीकधी चिपपेक्षा किंचित उंच असते आणि हीटसिंक नीट टेकत नाही, पेस्टचा ठसा बघितला की कळेल. आणि ९८०० च्या शेजारचा पीसीआय स्लॉट रिकामा ठेवा, पंख्याला हवा तिथूनच मिळते, ७००० पुन्हा लावायचं झालं तर सगळ्यात लांबच्या स्लॉटमध्ये.

धातूचा_धूर:

फार छान वाटलं वाचून. जुनी २५पी०५ टाकून नका देऊ, तिच्यात तुमची मूळ रॉम आहे.

जी४वेडा:

नाही टाकली ताई. छोट्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवलीय, वर कार्डचं नाव आणि टेप लावलेल्या दोन पिनांचे नंबर लिहिलेत, उद्या हे मशीन दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं तर त्याला कळायला हवं. पेस्टचं रविवारी करतो, ठशाचा फोटो टाकतो इथेच.